नाग नदीचं पाणी मोजायचंय? नागपूरच्या नवख्यांसाठी

नागपुरात पाण्याच्या प्रदूषणावर बोलायला कुणालाच आकडा लागत नाही. पंचशील चौकातल्या पुलावर सिग्नलला थांबलेला माणूस नाक दाबतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. निकाल चुकीचा नसतो, पण अपुरा असतो. घाण कोणाची, किती, कुठून मिसळली, गेल्या वर्षीपेक्षा वाढली की कमी झाली, यातलं नाक काहीच सांगत नाही. म्हणूनच महापालिकेत तक्रार घेऊन गेलेला नागरिक पाच मिनिटांत बाहेर येतो.

हा लेख ज्यांना स्वतः मोजायला सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी आहे. कॉलेजची मुलं, शाळेतले विज्ञान शिक्षक, नदीकाठच्या कॉलनीतले रहिवासी, कुणीही. माझं एकच सांगणं आहे: सगळं एकदम शिकायला जाऊ नका. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन हा एक आकडा नीट मोजायला आणि वाचायला शिका. बाकीचे आकडे त्याच्याभोवती आपोआप जागेवर बसतात.

पहिली पायरी: पाणी कुठून कुठे जातं ते काढा

बाटली हातात घेण्याआधी कागद घ्या. नाग नदी शहराच्या पश्चिमेला, लाव्ह्याच्या टेकड्यांकडून निघते. वाडी परिसरातून येणारं पाणी अंबाझरी तलावात जमतं आणि तलावाच्या सांडव्याखालून जी वाहते ती आपली शहरातली नाग. रामदासपेठ, पंचशील चौक, मोक्षधाम, अशोक चौक असं करत ती पूर्वेला पारडीकडे जाते. शहरातला हा प्रवास साधारण १७ किलोमीटरचा. गोरेवाड्याकडून येणारी पिवळी नदी, म्हणजे बोलण्यातली पिली, पूर्वेला तिला मिळते. पुढे नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला आणि ते सगळं गोसेखुर्दच्या जलाशयात.

आता याच कागदावर पिण्याचं पाणी काढा. नागपूर पितं ते पेंचचं आणि कन्हानचं. कन्हानवरून पाणी उचलण्याची जागा नाग नदीच्या संगमाच्या वरच्या अंगाला आहे. याचा अर्थ सरळ आहे: आपलं सांडपाणी आपल्या नळाला परत येत नाही. ते भंडारा-पवनीकडच्या लोकांच्या वाट्याला जातं. तिकडचे लोक कित्येक वर्षं ओरडताहेत आणि इकडे ते ऐकू येत नाही, याचं निम्मं उत्तर या नकाशात आहे.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवा. ‘बुटीबोरीच्या कंपन्यांनी नाग नदी नासवली’ असं सर्रास बोललं जातं. बुटीबोरीचा उतार वेणा नदीकडे आहे. वेणा हिंगणघाटवरून वर्धा नदीला मिळते. बुटीबोरीचं काही चुकत असेल तर त्याचा हिशेब वेणेत मागायचा, नागमध्ये नाही. पाणलोट न बघता बोट दाखवलं की समोरचा अधिकारी पहिल्या वाक्यातच तुम्हाला उडवून लावतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

ऋतूही लिहून ठेवा. नागपूरला वर्षाला साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. उन्हाळ्यात नागमध्ये जे वाहतं त्यात नदीचं स्वतःचं पाणी जवळपास नसतं. मे महिन्यातला आणि ऑगस्टमधला आकडा शेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे, मग ती कुणीही करो.

दुसरी पायरी: घाणीचे प्रकार ओळखा

नाग नदीचा मोठा रोग म्हणजे घरगुती सांडपाणी. तुमचं, माझं, संडास-मोरीचं. कारखान्यांवर राग काढणं सोपं जातं, पण शहरातल्या नाल्यांमधून येणारा मुख्य लोंढा गडर लाइनचाच आहे. कुठे लाइन फुटलेली, कुठे चेंबर तुंबून वाहणारं, कुठे घराची लाइन सरळ पावसाळी नाल्याला जोडलेली. काठावरच्या गोठ्यांचं शेण-मूत त्यात भर घालतं. भांडेवाडीला मोठं मलजल प्रक्रिया केंद्र आहे, २०० एमएलडीचं, म्हणजे दिवसाला २० कोटी लिटर. तिथलं शुद्ध केलेलं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं. वीज बनवायला शहराचं सांडपाणी वापरणं ही नागपूरची खरोखर चांगली गोष्ट आहे आणि ती मोकळेपणानं सांगावी. पण केंद्रापर्यंत जे पोचतं त्यावरच प्रक्रिया होते. जे वाटेतच नाल्याला लागतं ते नदीचं. ते अडवण्यासाठी नाग नदीचा साधारण १,९२७ कोटी रुपयांचा केंद्र पुरस्कृत प्रकल्प मंजूर आहे. तो पुढे सरकेल तसतसं नदीत काय बदलतं हे मोजायला बाहेरची माणसं लागणारच आहेत.

अंबाझरीची गोष्ट वेगळी. तिथे वाडीकडचं सांडपाणी आणि हिंगणा एमआयडीसीच्या बाजूचं पाणी, दोन्ही येऊ शकतं. म्हणून तलावातला नमुना आणि पुलावरचा नमुना एकाच रांगेत टाकू नका.

कन्हानला तिसरीच भीती असते, ती राखेची. औष्णिक केंद्रांची राख पाण्यात कालवून बंधाऱ्यांत साठवतात. जुलै २०२२ मध्ये पावसात खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राखेचं पाणी ओढ्यातून कन्हानकडे गेलं. राखेला सांडपाण्यासारखा वास नसतो. ती पाणी गढूळ करते, तळावर बसते आणि तिथल्या जीवांचं घर बुजवते.

तलावांना वर्षातून एकदा मूर्तींचा भार सोसावा लागत होता. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते पाण्यात लवकर विरत नाही, आणि जे विरतं त्यातल्या सल्फेटचं तळाच्या ऑक्सिजनविरहित गाळात सडक्या अंड्याच्या वासाच्या वायूत रूपांतर होतं. रंगांमधले जड धातू वेगळेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं विसर्जनाचे नियम २०१० मध्ये काढले आणि २०२० मध्ये सुधारले. कृत्रिम टाक्यांमुळे शहरातल्या तलावांवरचा भार हलका झाला आहे, तरी गणेशोत्सवाआधी एक आणि नंतर एक असे दोन नमुने घेतलेत तर उगाच वाद घालावा लागत नाही.

शेतातून येणारी खतं-औषधं शहरातल्या नागमध्ये फारशी नसतात. काटोल-कळमेश्वरकडचे संत्र्याचे पट्टे किंवा कुहीकडची शेती मोजायला निघालात तर त्यांचा विचार करा.

तिसरी पायरी: सामान आणि जिवाची काळजी

दोरी बांधलेली बादली, रबरी हातमोजे, गमबूट, थर्मामीटर, पीएचच्या पट्ट्या किंवा पेन, टीडीएस पेन (विरघळलेले क्षार मोजणारं), रुंद तोंडाच्या स्वच्छ बाटल्या, न पुसणारा मार्कर आणि बर्फाचा डबा. सुरुवातीला इतकं पुरे. ऑक्सिजन मोजायच्या काचेच्या ‘बीओडी’ बाटल्या, ३०० मिलीच्या, निमुळत्या बुचाच्या, कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिळतात. शिक्षकांना विचारा, बहुतेक ठिकाणी कपाटात धूळ खात पडलेल्या असतात.

नदीच्या पात्रात उतरू नका. पुलावरून बादली सोडा. हाताला कापलं असेल तर त्या दिवशी फक्त वही सांभाळा. आकाश भरून आलं असेल तर मोहीम रद्द. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागच्या पुरानं अंबाझरीखालच्या वस्त्यांत काय केलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना हे सांगावं लागत नाही. बाहेरगावच्या मुलांना मात्र ही ‘छोटीशी नाली’ वाटते.

आणि हो, बादली सोडली की दोन-चार माणसं जमणारच. ‘काहून भाऊ, गडरचं पाणी काय चेक करता?’ हा प्रश्न ठरलेला. चिडू नका. त्याच माणसाला विचारा की पाणी कोणत्या वेळी जास्त काळं येतं, फेस कधी येतो, कोणता नाला रात्री वाहतो. काठावरच्या चहावाल्याला जे ठाऊक असतं ते कुठल्या अहवालात सापडत नाही.

चौथी पायरी: नमुना घेणं

इथेच बहुतेकांची मेहनत वाया जाते. जागा ठरवताना किमान तीन घ्या: घाणीच्या वर एक, घाण मिसळते त्याच्या लगेच खाली एक आणि बरंच पुढे एक. नागसाठी अंबाझरीचा सांडवा, पंचशील किंवा अशोक चौक आणि पारडी ही सुरुवातीची चांगली साखळी आहे. एकाच जागेचा आकडा म्हणजे नुसता आकडा. वर-खाली मिळून तुलना होते, आणि तुलनेशिवाय कारण सापडत नाही.

पाणी प्रवाहाच्या मधोमध घ्यायचं, काठाचं नाही. वरचा तवंग टाळून साधारण वीतभर खालचं. त्याच पाण्यानं बाटली दोन-तीनदा विसळायची. याला दोन अपवाद आहेत. जंतूंसाठीची निर्जंतुक बाटली विसळायची नाही, आणि ऑक्सिजनच्या बाटलीत पाणी ओतायचं नाही. बादलीत रबरी नळी बुडवून तिचं दुसरं टोक बाटलीच्या तळाशी धरायचं आणि पाणी हळूहळू वर येऊन थोडा वेळ सांडू द्यायचं. बुडबुडा अडकला तर तो नमुना फेकून द्या, कारण हवेतला ऑक्सिजन तुमच्या बाटलीत शिरला.

तारीख, वेळ, जागा, पाण्याचं तापमान, शेवटचा पाऊस कधी पडला, हे सगळं तिथेच लिहा. घरी येऊन आठवून लिहिलेली वेळ ही वेळ नसते. वेळेला इतकं महत्त्व का, ते पुढच्याच पायरीत.

पाचवी पायरी: ऑक्सिजन

स्वच्छ पाण्यात ऑक्सिजन मावतोच मुळात कमी. २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच्या आसपास, ४० अंशाला साडेसहाच्याही आत. नागपूरच्या मे महिन्यात उथळ पाणी किती तापतं हे सांगायला नको. म्हणजे उन्हाळ्यात मासा तोट्यातच सुरुवात करतो: पाण्यात ऑक्सिजन कमी आणि उष्णतेनं त्याच्या शरीराची गरज मात्र वाढलेली. केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम आणि आंघोळीच्या पाण्यासाठी किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा. हे दोन आकडे पाठ करा.

मोजायला इलेक्ट्रॉनिक मीटर असतो, पण महाग आणि नाजूक. शिकणाऱ्यानं विंकलरची पद्धत एकदा तरी हातानं करावी, कारण तिच्यात ऑक्सिजन डोळ्यांना दिसतो. भरलेल्या बाटलीत नळीनं तळाशी मँगनीज सल्फेट सोडायचं, मग अल्कली-आयोडाइड-अझाइडचं द्रावण. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी लोळ उठतो आणि चहाच्या चोथ्यासारखा गाळ खाली बसत जातो. ऑक्सिजन नसेल तर गाळ पांढराच राहतो. अंबाझरीच्या पृष्ठभागाची तपकिरी बाटली आणि गडरच्या पाण्याची पांढरी बाटली शेजारी ठेवून दाखवा, दहावीच्या पोराला पुढचं काही समजावावं लागत नाही.

आकडा काढायला आणखी थोडं काम आहे. संहत सल्फ्युरिक आम्ल घालून गाळ विरघळवायचा. हे काम प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, चष्मा लावून. द्रावण पिवळं-तांबूस होतं. त्यातलं २०० मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल तीव्रतेचं सोडियम थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं. रंग वाळलेल्या गवतासारखा फिका झाला की स्टार्च घालायचा, सगळं निळं होतं, आणि ज्या थेंबाला निळा रंग जातो तिथे थांबायचं. या मापात जितके मिली थायोसल्फेट लागलं तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन लिटरमागे. वेगळं गणितसुद्धा नाही.

आता वेळेचा मुद्दा. फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव अशा हिरव्या पडलेल्या तलावात दुपारी तीन वाजता ऑक्सिजन मोजलात तर आकडा भरघोस येईल, कधी पाण्यात मावणाऱ्या वर दिलेल्या आकड्यापेक्षाही जास्त. शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडत असतं. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं. म्हणून सर्वात कमी आकडा पहाटे, उजाडण्याच्या जरा आधी येतो, आणि मासे मरतात तेही त्याच सुमारास. दुपारचा नमुना घेऊन ‘तलाव ठणठणीत’ असा निष्कर्ष काढणारे अहवाल निघतात तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही. तलाव मोजायचा तर पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा.

नदीत वेळेपेक्षा अंतर बोलतं. सांडपाणी मिसळलं की जंतू ते खाताना ऑक्सिजन ओढतात, आकडा खाली जातो. पुढे हवेतून भर पडत पडत तो पुन्हा वर येतो. हे गणित स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीवर काम करताना १९२५ मध्ये मांडलं. शहरातल्या नागला ही वर येण्याची संधीच मिळत नाही. सावरायला लागणारं अंतर सरण्याआधी पुढचा नाला येऊन आदळतो. तुमच्या तीन जागांच्या आकड्यांत हा खड्डा दिसतो का ते बघा, आणि शहर संपल्यावर कुठे भरून निघतो तेही.

सहावी पायरी: बीओडी आणि सीओडी

बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी) म्हणजे पाण्यावर असलेली ऑक्सिजनची उधारी. आत्ता किती ऑक्सिजन आहे ते वरच्या पायरीत कळलं. जंतूंना ही घाण संपवायला आणखी किती लागेल ते बीओडी सांगतो. करायचं इतकंच: आज ऑक्सिजन मोजा, तोच नमुना अंधारात ठराविक तापमानाला ठेवा, काही दिवसांनी पुन्हा मोजा, वजाबाकी करा.

पुस्तकात ५ दिवस आणि २० अंश लिहिलेलं असतं. ही पद्धत मूळची इंग्लंडची. तिथल्या नद्यांचं पाणी जास्तीत जास्त ५ दिवसांत समुद्राला पोचतं, या हिशेबातून तिथल्या सांडपाणी आयोगानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो काळ धरला. आपल्याकडे आता २७ अंश आणि ३ दिवस ही पद्धत चालते, जी आपल्या हवेला जास्त धरून आहे. दोन अहवालांची तुलना करताना पद्धत एकच आहे ना, हे आधी बघा.

कच्च्या सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या घरात असतो आणि बाटलीतल्या पाण्यात ऑक्सिजन जेमतेम ८. म्हणून नमुना पातळ केल्याशिवाय ही चाचणी होत नाही. ३०० मिलीच्या बाटलीत ३ ते ६ मिली नमुना, बाकी हवा खेळवलेलं शुद्ध पाणी. शेवटी किमान १ मिलिग्रॅम ऑक्सिजन उरला पाहिजे आणि किमान २ मिलिग्रॅम खर्च झाला पाहिजे, नाहीतर आकडा धरू नका. आंघोळीच्या पाण्याला ३ पर्यंत बीओडी चालतो. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा ३० आहे आणि सीओडीची (रासायनिक ऑक्सिजन मागणीची) २५०.

सीओडीत जंतूंऐवजी पोटॅशियम डायक्रोमेट घाण जाळतं, दोन तास उकळून. त्यात पारा आणि क्रोमियम असतं, त्यामुळे घरी किंवा शाळेत अजिबात करू नका, प्रयोगशाळेकडे द्या. पण दोन्ही आकडे हाती आले की भागाकार जरूर करा. घरगुती सांडपाण्यात सीओडी हा बीओडीच्या दुप्पट-अडीचपट असतो. तो चौपट-पाचपट निघाला तर जंतूंना न पचणारं काहीतरी त्यात आहे, आणि मग कारखान्याच्या दिशेनं वर चालत जायला कारण मिळतं. आधी भागाकार, मग आरोप.

सातवी पायरी: बाकीचे आकडे, थोडक्यात

पीएच ६.५ ते ८.५ मध्ये असावा. हिरव्या तलावात दुपारी तो ९ कडे सरकतो. तेव्हा पाण्यातला अमोनिया जास्त विषारी रूपात जातो, म्हणून पीएच आणि अमोनिया एकत्र वाचा.

टीडीएस पेन चार-पाचशे रुपयांत मिळतं आणि गैरसमजही तितकेच स्वस्तात देतं. ते फक्त विरघळलेले क्षार सांगतं. जंतू, कीटकनाशक, शिसं यांची त्याला दाद नाही. टीडीएस १५० असलेलं पाणी कावीळ देऊ शकतं आणि ७०० असलेलं बोअरचं पाणी जंतूंच्या बाबतीत साफ असू शकतं. नाग नदीवर मात्र पेनचा एक उपयोग आहे: एखाद्या नाल्यापाशी आकडा अचानक उडाला तर काहीतरी वेगळं मिसळतंय हे लगेच कळतं.

विहिरी-बोअरसाठी नायट्रेट बघा. मर्यादा ४५ मिलिग्रॅम. जुन्या वस्तीत शेजारून गडर लाइन झिरपत असेल तर हा आकडा चढतो. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे वाढतं. ज्या घरात बाटलीनं दूध पिणारं बाळ आहे तिथे हे आवर्जून सांगा.

जंतूंसाठी हायड्रोजन सल्फाइडची बाटली मिळते. पाणी भरून उबेत ठेवायची, एक-दोन दिवसांत काळी पडली तर विष्ठेचं प्रदूषण असण्याची दाट शक्यता. विहीर आणि नळासाठी ही बाटली उत्तम. नागच्या पाण्यावर ती वाया घालवू नका, तिथे उत्तर आधीच ठाऊक आहे आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तिथल्या पाण्यातच असतो.

नळाचं पाणी तपासताना आधी उरलेलं क्लोरीन बघा. दोन थेंबांच्या चाचणीत रंग आला आणि लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम भरलं तर ठीक. रंगच आला नाही तर लाइन कुठेतरी फुटलेली असू शकते. आणि टिल्लू पंप लावणाऱ्या शेजाऱ्याला सांगा: पंप लाइनमधलं पाणी ओढतो तेव्हा फटीतून बाजूच्या नालीचंही ओढतो, आणि ते पहिल्यांदा त्याच्याच टाकीत पडतं.

आठवी पायरी: जीव बघा

रसायन त्या क्षणाचं सांगतं. रात्री दोन वाजता कुणी टँकर रिकामा केला तर सकाळच्या बाटलीत तो सापडेलच असं नाही. पण तळाशी राहणारे किडे तिथेच असतात, महिनोन्‌महिने, आणि जे घडलं ते त्यांच्या अंगावर घडलेलं असतं.

सुरक्षित काठावरून लांब दांड्याच्या चाळणीनं थोडा गाळ उचला, पांढऱ्या ट्रेमध्ये पसरा आणि दोन मिनिटं काही करू नका. घाण पाण्यात आधी दिसतात त्या लालभडक, वळवळणाऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या. कायरोनॉमस माशीच्या. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणूनच नावापुरत्या ऑक्सिजनवर त्या जगतात. जोडीला ट्युबिफेक्सचे दोऱ्यासारखे किडे, डोकं गाळात आणि शेपूट पाण्यात हलवत. हे दोघेच असतील आणि तिसरं कुणी नसेल तर वही उघडण्याआधीच उत्तर मिळालं. चतुर आणि टाचणी या उडत्या किड्यांची पिल्लं दिसली तर परिस्थिती मध्यम. मेफ्लायची तीन शेपट्यांची पिल्लं पेंचच्या बाजूच्या दगडाळ ओढ्यांत शोधा. एकदा तिथे पाहून आलात की शहरात काय हरवलंय ते कळतं.

पक्ष्यांनी फसू नका. गाळावर लांब गुलाबी पायांच्या शेकाट्यांचा थवा उतरतो, फोटो सुंदर येतात आणि ‘नदीला जीवदान’ असा मथळा पडतो. शेकाट्या तिथे त्याच लाल अळ्या खायला येतात.

मासे मेल्याची बातमी आली तर धावत जा, पण जाताना डोळे उघडे ठेवा. पहाटे मेले, मोठे आधी मेले, उरलेले पृष्ठभागावर तोंड उघडून हवा गिळताहेत, तर ऑक्सिजन संपला. दिवसाच्या कुठल्याही वेळी लहान-मोठे सरसकट मेले आणि माशांबरोबर बेडूक-किडेही गेले, तर विषाचा संशय घ्या आणि लगेच नमुना बर्फात ठेवा. मागूर आणि मरळ वरची हवा घेऊ शकतात, म्हणून ते उरले आणि रोहू-कतला गेले तर तोही ऑक्सिजनकडेच इशारा. मृगाच्या पहिल्या सरींनंतर असं बरेचदा होतं: उन्हाळाभर साठलेली घाण एका झटक्यात तलावात उतरते. मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांना विचारा, पाऊस पडल्यावर कुठल्या कोपऱ्यात मासळी आधी वर येते हे ते बोट दाखवून सांगतील. त्याच कोपऱ्यात नाला सापडतो.

जलपर्णी हा आजार नाही, आजाराचं पुरळ आहे. सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस मिळेपर्यंत ती वाढतच राहणार. तिच्या गालिच्याखाली ऊन पोचत नाही, हवा मिसळत नाही, आणि ती सडली की पुन्हा ऑक्सिजन खाते. यंत्रानं काढून काठावर ढीग घातला तर पहिल्या पावसात त्यातलं बरंच परत तलावात. काढायची तर दूर न्यायची, आणि नाला बंद करायचा. दुसरं न करता पहिलं करणं म्हणजे दरवर्षीचं कंत्राट. काठाला बेशरमची झुडपं माजली असतील तर तीही नोंदवा, उथळ होत चाललेल्या, गाळ भरलेल्या काठाची ती खूण असते.

डासांचं गणितही इथेच बसतं. क्युलेक्स डासाला सडलेलं पाणी आवडतं आणि त्याच्या अळ्या खाणारे मासे त्या पाण्यात जगत नाहीत. फवारणीचा धूर दर आठवड्याला सोडा, पुलाखालचं पाणी तेच राहिलं तर संध्याकाळही तीच.

नववी पायरी: आकडे कोणाच्या दारात न्यायचे

किमान वर्षभर, महिन्यातून एकदा, त्याच जागा, शक्यतो तीच वेळ. मधले महिने गाळू नका, ‘पाऊस, जाता आलं नाही’ हेही लिहा. काही नमुने दोन भागांत वाटून एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या, म्हणजे तुमच्या आकड्यांवर शंका घेणाऱ्याला उत्तर तयार असतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या पाण्याचे आकडे प्रसिद्ध करतं, ते शेजारी ठेवा. मिळत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच. नागपूरला नीरी आहे, जलप्रदूषणावर संशोधन करणारी देशातली मोठी संस्था, १९५८ पासून याच शहरात. त्यांच्या खुल्या कार्यक्रमांना जा, प्रश्न विचारा.

तक्रार करताना हद्द बघा, नाहीतर अर्ज महिनोन्‌महिने फिरत राहतो. फुटलेली गडर लाइन किंवा नाल्यात सोडलेलं घरगुती पाणी असेल तर महापालिकेचं झोन कार्यालय. शहरात १० झोन आहेत, पुलाची एक बाजू एका झोनमध्ये आणि दुसरी दुसऱ्यात असू शकते. अंबाझरीत येणाऱ्या सांडपाण्यासाठी वाडी नगर परिषदेलाही पत्र द्या. कारखाना किंवा राखेचा मामला असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय. १९७४ च्या जल कायद्यानुसार नमुना घेऊन कारवाई करण्याचा अधिकार त्यांचा आहे. तुमच्या नमुन्यावर न्यायालयात खटला उभा राहत नाही, त्यासाठी मंडळाच्या अधिकाऱ्यानं रीतसर घेतलेला नमुना लागतो. म्हणून अर्जात ‘कारवाई करा’ एवढंच न लिहिता ‘या ठिकाणी, या वारी, या वेळी येऊन नमुना घ्या’ असं लिहा. नाला रात्री वाहतो हे तुम्हाला चहावाल्यानं सांगितलेलं असतं, मग अर्जातही वेळ रात्रीचीच टाका. सोबत दोन पुलांमधले वर-खालचे आकडे, फोटो आणि नकाशावर खूण. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.